कोरडा पाहिलेला दात

९ मार्च

डॉक्टरसाहेब,

मोठ्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. या वेळी वगळले आहेत. उरले तर पुढे कधी पाठवीन.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र लॅबच्या डबीत घालून पाठवतेय. तुझ्या रिसेप्शनवरच्या बाई डबी आली की उघडतात हे मला ठाऊक आहे, अकरा वर्षं आम्ही केलेले दात अशाच डब्यांतून तुझ्याकडे येत होते. बाई, तुम्ही वाचत असाल तर कृपया इथेच थांबा. राहवतच नसेल तर वाचून झाल्यावर निदान त्याच्या टेबलावर ठेवा.

आता तू ऐक. बाबा लॅबमध्ये आले नाहीत त्याला आज अठरा दिवस झाले. चाळीस वर्षांत हा माणूस तापातसुद्धा घरी बसला नव्हता. आई गेली तेव्हा पाचव्या दिवशी कामावर होता. आणि आता सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून, खिशाला पेन लावून खिडकीपाशी बसतो. मी निघताना "बाबा, चलताय?" म्हणते. ते म्हणतात, "तू हो पुढे." अठरा दिवस हेच चाललंय.

त्या दिवशी तू बूट न काढता आत आलास. लहानपणी तुला या एका गोष्टीवरून बाबांनी तीन वेळा बाहेर काढलं होतं, बाहेरची धूळ सिरॅमिकमध्ये गेली की दातात काळा ठिपका येतो म्हणून. डॉक्टर झालास आणि विसरलास. तुझ्या सासूबाईंसाठी बाबांनी केलेला दात खिशातून काढून त्यांच्याच टेबलावर आपटलास. वर फोन नाचवलास, त्यात दोन फोटो. एकात सासूबाई नातवाच्या वाढदिवसाला हसताहेत आणि पुढचा एकच दात बाथरूमच्या टाइलसारखा चमकतोय. दुसऱ्यात, पंधरा दिवसांनंतर, तोच दात मळकट, चहाच्या रंगाचा. आणि तू म्हणालास, "बाबा, तुम्हाला दिसत नाही आता. कबूल करा आणि थांबा."

प्लास्टरवाले काका तिथे होते. तीस वर्षं बाबांसाठी जबड्यांची मॉडेल ओतणारा माणूस. ते खाली मान घालून बादली ढवळत राहिले, बादलीत काही नव्हतं तरी.

मी तुला एकच विचारते. पहिला फोटो जाऊ दे. दुसऱ्या फोटोतला दात मळकट कोणी केला? चमक जास्त वाटली म्हणून तूच तोंडात ड्रिल घालून तो घासलास ना? घासलास तर घासलास, पण घासल्यावर पॉलिश कोणी करायचं? रबराचं चाक फिरवायला पाच मिनिटं लागतात. डायमंड पेस्ट लावून लोकरीच्या नमद्याचं चाक फिरवायला अजून पाच. तेवढी तुला सवड नव्हती. खरबरीत दात तसाच सोडून दिलास, त्यात चहा जाऊन बसला, आणि त्याचं खापर बाबांच्या डोळ्यांवर!

भिंग लावून पाहिलाय मी तो दात. तुझ्या ड्रिलचे ओरखडे शेतात नांगर फिरवल्यासारखे दिसतात. तुला दात करता येत नाहीत याचा मला राग नाही, ते आमचं काम. पण बिघडवल्यावर कबूल करता येत नाही, याचा आहे.

ये आणि बाबांसमोर बस. बाकी मला काही नको.

ताई


१७ मार्च

चार ओळींचं उत्तर मिळालं. क्लिनिकच्या छापील कागदावर, वर पदव्या, खाली शिक्का. बहिणीला पत्र लिहितोस की मेडिकल सर्टिफिकेट देतोस?

"ताई, बाबांचं वय बघ." बघते हो. तूच बघत नाहीस. तू दोन तासांवर राहतोस, मी भिंतीपलीकडे. पहाटे ते किती वेळा खोकतात तेसुद्धा सांगू शकते.

"ताई, मुळात शेडच चुकली होती." हे वाचून मात्र मी एकटीच लॅबमध्ये ओरडले. काका चहाचा कप घेऊन बाहेर निघून गेले.

शेड चुकली नव्हती. त्या दातात भरलेलं पोर्सिलेन शेजारच्या दाताशी अगदी जुळतं, मी शेडची पट्टी लावून पुन्हा पाहिलंय. रंग तोच राहतो. बदलतो तो पृष्ठभाग. गुळगुळीत असला की उजेड आरशासारखा सरळ परत येतो आणि दात जास्त पांढरा वाटतो. खरबरीत असला की उजेड इकडेतिकडे फाकतो आणि तोच दात खडूसारखा दिसतो. फरशी पुसल्यावर ओली असताना एक रंग दिसतो, वाळली की दुसरा. म्हणून काय कोणी फरशी बदलली? हे तुला कॉलेजात शिकवलं नसेल, पण जेवणाच्या टेबलावर बाबांनी शंभरदा सांगितलंय. तेव्हा तू भाताखाली भाजी लपवत होतास.

आणि सासूबाई पासष्टीच्या. त्यांचे बाकीचे दात आयुष्यभर घासून, चावून, झिजून मवाळ झालेले. त्यांवर बारीक आडव्या रेषा आहेत, उभे उंचवटे आहेत, एका कोपऱ्यावर छोटीशी चीर आहे. बाबांनी ते सगळं दोन दिवस बसून त्या दातावर कोरलं. कोरलं की त्यावर चंदेरी पावडर लावायचे, म्हणजे रेषा उठून दिसतात, पुसायचे, पुन्हा कोरायचे. शेवटी अंगठ्याच्या नखानं चाचपायचे. मी शेजारच्याच टेबलावर होते. तो दात बाबांच्या हातून सुटला तेव्हा कसा होता, ते मला माहीत आहे.

आता तुझी कामं त्या मोठ्या मशीनवाल्या लॅबकडे जातात असं कळलं. जाऊ देत. मशीनचा मला राग नाही, मशीन कुणाच्या बापाला चारचौघांत आंधळा म्हणत नाही.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. बिचारी रडत होती. आईनं हसणंच सोडलंय म्हणाली. सध्या प्लास्टिकचा तात्पुरता दात लावलाय आणि नातवाशी बोलतानासुद्धा तोंडावर हात धरतात. "ताई, काहीतरी करा." मी म्हटलं, करते. काय करणार ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आत्ताही नाही.

ताई


५ एप्रिल

बाबांचा पुढचा दात तुटला.

घाबरू नकोस, पडले नाहीत. रिकाम्या माणसाला घरातल्या सगळ्या वस्तू नादुरुस्त दिसायला लागतात. महिनाभरात त्यांनी इस्त्री, दाराची बेल आणि माझं चांगलं चालणारं घड्याळ दुरुस्त केलं. घड्याळ आता बंद आहे. परवा जुना रेडिओ काढला आणि वायरीचं आवरण सोलायला कात्री आणायचा कंटाळा केला. दातानं सोललं. आयुष्यभर लोकांना "दातानं बाटली उघडू नका, दोरा तोडू नका" असं बजावणारा माणूस!

वरचा, समोरचा, डावीकडचा. हिरडीलगत तिरका मोडलाय. मूळ शाबूत दिसतंय, पण ते तूच बघायचं. मी एवढंच जाणते की मूळ असं उघडं राहिलं तर चिरेल, आणि चिरलं की काढावं लागेल. तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवलाय, पेनाशेजारी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं. "नाही." सरकारी दवाखान्यात? "नाही." मग? "माझा दात माझा मुलगा बघेल. नाहीतर राहू दे तसाच." "मग त्याला बोलावते." "बोलवायचं नाही. त्याला यायचं असेल तर येईल."

म्हणजे बघ. तुला बोलवायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुझा हेकटपणा कुठून आलाय ते आज पुन्हा एकदा कळलं.

मी बोलवत नाहीये. मी कळवतेय. फरक समजून घे.

ताई


१३ एप्रिल

तुझा निरोप काकांच्या फोनवर आला. माझ्या फोनवर पाठवला असतास तर बोटं झडली असती का? "गाडी पाठवतो, बाबांना क्लिनिकमध्ये आण. मूळ लगेच भरून घेऊ. कॅप नव्या लॅबकडून दोन दिवसांत करून घेतो."

बाबांना वाचून दाखवला. ते हसले. पुढचा दात नसलेलं ते हसू बघून मला आधी हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली.

"मशीनचा दात लावून मी मरू का?" म्हणाले. "माझ्या टेबलावर झालेलाच लावीन."

मी म्हटलं, "मग चला, बसा टेबलावर."

"मी नाही बसणार."

"मग मी करते."

"तुझ्या हातचा नको."

अगदी सरळ म्हणाले. आवाज न चढवता. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. ज्या हातांना त्यांनी ब्रशनं पोर्सिलेनचा पहिला थेंब उचलायला शिकवलं, त्या हातचा दात त्यांना नको. का, ते मला काय ठाऊक. म्हातारपण असेल. राग असेल. तुझा राग माझ्यावर निघत असेल, नेहमीप्रमाणे. तुझ्या वाटणीची बोलणी मी लहानपणापासून खात आलेय, त्यात ही एक भर.

मूळ उघडंच आहे. काल त्यांनी गार पाणी प्यायलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. मला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

हे सगळं तुझ्यामुळे झालंय. पुन्हा एकदा लिहिते, म्हणजे तुझ्या पदव्यांखाली चिकटवून ठेवता येईल. तुझ्यामुळे.

ताई


१४ एप्रिल

कालचं पत्र डबीत घालून कुरिअरवाल्याच्या हातात दिलं, आणि तो जिना उतरला तशी मी त्याच्यामागे धावले. खालच्या सायकलच्या दुकानापर्यंत. तो गेला होता. त्यामुळे तुला ते मिळेल. मिळू दे. त्याच्यासोबत हेही वाच, आणि बाई, हे मात्र खरोखर वाचू नका.

"तुझ्या हातचा नको" म्हणाल्यावर बाबा अजून एक वाक्य बोलले होते. ते मी कालच्या पत्रात गाळलं. ते म्हणाले, "तू चमकवशील."

आता नीट ऐक, मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

बाबांना कमी दिसतं. वर्षभर झालं. तू म्हणालास ते खोटं नव्हतं, आणि तू म्हणायच्या कितीतरी आधी ते मला माहीत होतं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा एका दाढेच्या कडेला बुडबुडा राहिला होता आणि त्यांना तो दिसला नव्हता. मी काही बोलले नाही. ते जेवायला घरी गेल्यावर मी तो बुजवला, भट्टीत घातला, आणि दात जिथल्या तिथे ठेवून दिला. मग तसंच सुरू झालं. दुपारी ते जेवायला जायचे आणि मी त्यांचं काम तपासायची. कधी काही निघायचं, बऱ्याचदा नाही. संध्याकाळी डबी बंद करताना ते म्हणायचे, "बरा झालाय ना?" मी म्हणायची, "छान झालाय." आणि मनात म्हणायची, माझ्यामुळे.

तुझ्या सासूबाईंचा दात त्यांनी दुपारी टेबलावर ठेवला आणि ते जेवायला गेले. मी उचलला, दिव्याखाली धरला. मला तो मंद वाटला. खडूसारखा, निस्तेज. मला वाटलं, झालं, बाबांना चमक दिसलीच नाही, पॉलिश अर्धवट सोडलं त्यांनी. आणि हा दात तुझ्या घरी जाणार, तुझ्या सासरी, जिथे आमच्या लॅबला आधीच कोण विचारतं! मी ब्रश घेतला, ग्लेझचा एक जाड थर दिला आणि भट्टीत घातला. वर दहा अंश जास्त, म्हणजे चांगला चकाकेल. वीस मिनिटांत काचेसारखा दात बाहेर आला. मी खूश झाले. देवाशपथ, मी खूश झाले रे.

मी तो कोरडा पाहिला होता.

दात तोंडात कोरडा नसतो. लाळेनं ओला असतो. हे मला सत्तावीस वर्षं माहीत आहे. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं बाबांनी, की दाताची चमक बघायची तर आधी पाण्यात बुडवून बघायची. तुला मी त्याच फरशीचं उदाहरण दिलं, ओली आणि वाळलेली, मोठ्या ऐटीत. लिहितानासुद्धा मला लाज वाटली नाही. बाबांनी तो दात ओला होईल तेव्हा सासूबाईंच्या बाकीच्या दातांसारखा दिसावा असा केला होता. कोरडा मंद दिसायलाच हवा होता. मी एक थेंब पाणी लावलं असतं तर कळलं असतं. लावलं नाही, कारण बाबांचं चुकलंय हे मी आधीच ठरवून बसले होते. दोन दिवस कोरलेल्या रेषा माझ्या ग्लेझमध्ये बुडाल्या आणि जास्तीच्या दहा अंशांत वितळून सपाट झाल्या.

ते जेवून आले, मी डबी आधीच बंद केली होती. त्यांनी विचारलं, "पाहिलास?" मी म्हटलं, "छान झालाय."

आणि मग तू आलास, बूट घालून. दात आपटलास. ओरडलास. बाबांनी तो दात उचलला. तुझं ड्रिल हिरडीच्या कडेपर्यंत पोचलं नव्हतं, तिथे अजून माझी काच शिल्लक होती. त्यांनी अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. जिथे त्यांच्या रेषा लागायला हव्या होत्या तिथे काहीच लागलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं मला वाटत होतं आणि बोलू नये असंही वाटत होतं.

ते म्हणाले, "हो. दिसत नाही मला."

आणि उठून चष्मा पुसत निघून गेले. मी गप्प बसले. माझी दातखीळ बसली होती असं म्हणून सुटता येईल, पण तसं काही नव्हतं. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

अजून एक राहिलंय, तेही लिहून टाकते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार हे मी वर्षापूर्वीच ओळखलं होतं. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, काकांनी दोन्ही डोळ्यांचं करून घेतलंय. मी बाबांना नेलं नाही. कामाची गर्दी आहे, उन्हाळा संपू दे, थंडी संपू दे. खरं कारण वेगळं होतं. त्यांना नीट दिसायला लागलं असतं तर दुपारी मला त्यांच्या टेबलावर बसता आलं नसतं. चाळीस वर्षं सगळे म्हणतात, "बाबांचा हात." त्या एका वर्षात तो हात थोडा माझा होता.

माझा तुझ्यावरचा राग खोटा नव्हता. तू तपासून न पाहता दात बसवलास, घासून तसाच सोडलास, आणि चारचौघांत बापाचा अपमान केलास. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण बाबा घरी बसले ते तुझ्यामुळे नाही. तुझं ओरडणं त्यांनी आठ दिवसांत गिळलं असतं, तुझं ओरडणं त्यांना नवीन नाही. माझं गप्प बसणं त्यांना गिळता आलं नाही.

आता काय करायचं ते तू ठरव. पण मूळ उघडं आहे. माझ्यावरच्या रागापायी त्यांना थांबवू नकोस.

ताई


२९ एप्रिल

रविवारी तू आलास. मी बाजारातून परत आले तेव्हा दारात तुझे बूट होते. दाराबाहेर, काढून, नीट जोडून ठेवलेले. पिशवी हातात घेऊन मी जिन्यावरच उभी राहिले.

आत तू बाबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून, डोक्याला बॅटरी बांधून, त्यांच्या तोंडात वाकला होतास. बाबा "आ" करून बसले होते आणि तरीही तुला सूचना देत होते. त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तू मात्र "हो बाबा, हो बाबा" म्हणत होतास. मूळ भरलंस, माप घेतलंस, तात्पुरता दात लावलास. माझ्याशी बोलला नाहीस. जाताना ट्रे माझ्या हातात दिलास आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणालास, "माप सेट झालंय, उद्याच ओता." बस्स.

ठीक आहे. मला तेवढंच मिळायला हवं होतं. तरी राग आला, तो कळवते. मी तुला माझं सगळं उघडं करून लिहिलं आणि तू मला प्लास्टर ओतायला सांगून गेलास. निदान ओरडायचं तरी. बाबांवर ओरडता येतं तुला!

तू गेल्यावर बाबा म्हणाले, "तू त्याला सांगितलंस."

"हो."

"कशाला?"

मग माझाही तोल सुटला. मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत? तेव्हाच तिथे का नाही म्हणालात की हे हिनं केलंय? माझ्यावर उपकार केलेत? दोन महिने खिडकीत बसून शिक्षा कुणाला दिलीत, मला की स्वतःला?" मी इतकी ओरडले की खालच्या सायकलवाल्यानं हातोडी थांबवली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. मला लवकर सांगितलं असतंस तर लवकर आलो असतो."

असा आहे आपला बाप. याच्यावर नीट रागावतासुद्धा येत नाही.

काकांनी सोमवारी मॉडेल ओतलं. मंगळवारी सकाळी मी निघाले आणि "चलताय?" विचारायचं मुद्दामच टाळलं. जिन्यात मागून पावलं ऐकू आली.

ताई


१९ मे

डबीत बाबांचा दात आहे. आधी हे वाच, मग उघड.

थर मी रचले. बाबा शेजारी बसून होते. मधेच "किती झाला?" विचारायचे, मी सांगायची. भट्टीतून बाहेर आल्यावर दात त्यांनी घेतला आणि कोरायला बसले. भिंग लावूनही त्यांना रेषा दिसत नव्हत्या, हे मला समोर दिसत होतं. मी हात पुढे केला नाही. जीभ चावून बसले. ते कोरत होते, नखानं चाचपत होते. ग्लेझची बाटली मी आधीच कपाटात टाकून किल्ली काकांकडे दिली होती. काका ती गळ्यात घालून फिरत होते.

पॉलिश त्यांनी हातानंच केलं. रबर, मग पेस्ट, मग नमदा. आणि मग एक गंमत झाली. नखानं समाधान होईना, तेव्हा त्यांनी तात्पुरता दात काढून हा धुऊन तोंडात बसवला आणि डोळे मिटून जिभेचं टोक त्यावरून फिरवलं. शेजारच्या दातावरून फिरवलं. पुन्हा यावरून. काढला, चाकावर दोनदा धरला, पुन्हा बसवला. चाळीस वर्षांत हजारो दात केले, पण जिभेनं तपासता येईल असा हा पहिलाच, म्हणाले. सकाळभर हेच चाललं होतं. काका म्हणाले, "अहो, झिजून संपेल तो." बाबा इतके हसले की दात जवळजवळ पडलाच.

मग त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "जिभेला बरोबर लागतोय," म्हणाले. "दिसतोय कसा, ते मला कळत नाही. खरंच दिसत नाही गं मला. तू सांग."

त्या दिवशी हेच शब्द ते माझ्यासाठी खोटे बोलले होते. मला रडू फुटलं. कामाच्या वेळी रडलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी दात घेऊन नळापाशी गेले. पाण्याखाली धरला. खिडकीच्या उजेडात आणून त्यांच्या शेजारच्या दाताला लावून पाहिला. मग मोठ्यानं सांगितलं, काकांना ऐकू जाईल असं, की रेषा आहेत, डाव्या कडेला उंचवटा आहे, चमक शेजारच्याइतकीच आहे, आणि मी याला हात लावणार नाही.

"छान झालाय" असं म्हटलं नाही. ते शब्द मी वापरून वापरून वाया घालवलेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात सहा तारीख दिली आहे, आधी उजवा. मी घेऊन जाणार आहे. तू आलास तर बरं, नाही आलास तरी मी नेईन. सासूबाईंना सांग की महिनाभर त्या प्लास्टिकवर काढा. त्यांचा दात बाबा पुन्हा करणार आहेत, नव्या डोळ्यांनी. तुझ्याकडे त्यांचा हसतानाचा जुना फोटो असेल तर पाठव, पडायच्या आधीचा, खरा दात असतानाचा. आणि तो फोटो घेऊन तू स्वतः ये. बूट बाहेर काढून.

आता कामाचं. बाइट तपासताना दात उंच लागला तर ड्रिल लावू नकोस. लावावंच लागलं तर त्यानंतर तिन्ही चाकं फिरव, मी मोजून घड्याळ लावीन. माझं घड्याळ बंद आहे, पण तरी लावीन.

राग अजून आहे. तुझाही असेल. असू दे, पण बाबांना हसताना तोंडावर हात धरायला लावू नकोस.

डबी उघडलीस की तुला वाटेल दात जरा मंद आहे, खडूसारखा. वाटेलच. फोन उचलून माझ्यावर ओरडायच्या आधी त्याला थोडं पाणी लाव.

ताई